घडणावळ काट्यावर तोलू नका

धनत्रयोदशीला गुंजभर का होईना, पण सोने घ्यावे असा आपल्याकडे रिवाज आहे. तो मोडा, असे एक सोनारच सांगू लागला तर त्याला वेड लागले असे लोक म्हणतील. तेव्हा तसले काही मी सांगणार नाही. सोने जरूर घ्या. माझे भांडण त्याच्या पुढचे आहे. दुकानदार काटा करतो, भाव लावतो आणि बिल तुमच्या हाती देतो. त्या बिलात मुख्यतः तीन रकमा असतात : पहिली सोन्याची, दुसरी घडणावळीची आणि तिसरी सरकारच्या कराची. पहिल्या रकमेबद्दल कोणी हूं की चूं करीत नाही, कारण भाव काय तो सकाळीच वाचून आलेलो असतो. तिसऱ्या रकमेपुढे तर आपण सगळेच हात जोडतो. उरली मधली. घरातल्या थोरल्या बाईंपासून नव्या जावयापर्यंत सारे मिळून त्या मधल्या रकमेवर तुटून पडतात. "अहो, सोन्याचे पैसे घेतलेत ना? मग हे आणखी कशाचे?"

हे आणखी कशाचे, ते मी सांगतो. ते माझे आहेत. निदान माझे असावेत अशी समजूत आहे.

मी सराफ नव्हे. सराफ आणि कारागीर यांत लोक नेहमी घोटाळा करतात, म्हणून हे आधीच सांगून टाकतो. पेढीवर बसून दागिना विकतो तो सराफ. माडीवरच्या खोलीत ऐरणीपुढे मांडी घालून तो घडवतो तो कारागीर. कोल्हापुरात गुजरीच्या मागच्या बोळात बत्तीस वर्षे मी असा मांडी घालून बसलो आहे. साज, ठुशी, नथ, बोरमाळ ही माझी कामे. माझे गिऱ्हाईक मला ओळखत नाही आणि मीही त्याला ओळखत नाही. पण लग्नाच्या मांडवात एखादी ठुशी दिसली की ती माझ्या हातची की दुसऱ्याच्या, हे मला चार हातांवरून कळते. अक्षर ओळखावे तसे. अशा माणसाने दिवाळी अंकात लिहावे हे थोडे अप्रूपाचेच आहे. परंतु आमच्या वतीने बोलणारे दुसरे कोणी दिसत नाही, आणि म्हणच आहे की सोनारानेच कान टोचावेत.

आधी घडणावळ म्हणजे काय ते पाहू. कारण जिच्यावरून एवढी घासाघीस होते ती वस्तू पुष्कळांनी पाहिलेलीच नसते.

सोने मुशीत वितळवले, लगड पाडली, तिथवर सगळे सोपे आहे. पुढे तिची तार ओढायची. पोलादी जंतराला मोठ्यापासून बारकाव्यापर्यंत उतरती भोके असतात. एकेका भोकातून तार ओढत न्यायची. चारसहा भोके झाली की सोने रुसते. ओढून ओढून ते कडक होते, आणि तसेच पुढे रेटले तर तुटते. मग ते बागेसरीतल्या निखाऱ्यावर धरायचे, लालसर झाले की काढायचे, निवले की पुन्हा मऊ. किती ओढावे आणि कधी थांबावे हे कोणत्या पुस्तकात लिहिलेले नाही. तार बोटाला सांगते.

ठुशीवर किंवा कुड्यांवर जे मोहरीएवढे रवे दिसतात ते कसे होतात ठाऊक आहे? तारेचे बारीक तुकडे कापून कोळशाच्या भुकटीत पसरायचे आणि तापवायचे. वितळलेले सोने पाण्याच्या थेंबासारखे आपले आपण गोल होते. गोल होणे हा सोन्याचा गुण. सगळे तुकडे सारख्या मापाचे कापणे हा हाताचा गुण. मग ते रवे टाकणखार लावून जागच्या जागी बसवायचे आणि झाळायचे. सोने सुमारे १०६४ अंशांना वितळते, झाळण त्याहून थोडी आधी. या दोहोंमध्ये जी फट आहे तेवढीच आमची मुभा. फुंकणीतून अर्धा श्वास कमी पडला तर रवा चिकटत नाही, अर्धा जास्त झाला तर रवा आणि खालचा पत्रा मिळून एक डबके होते. सकाळपासूनचे काम त्या अर्ध्या श्वासावर असते.

आणि साज! कोल्हापुरी साजाच्या एकवीस पानड्या मानतात. त्यांत दशावतार आले, अष्टमंगले आली. कासव आहे, शंख आहे, चंद्र आहे, बेलपान आहे, नाग आहे. मध्ये जवाच्या आकाराचे मणी. एकेक पानडी म्हणजे कागदासारखा पातळ पत्रा ठशात ठोकून उचललेला, पाठ लावून झाळलेला आणि पोटात लाख भरलेला. ही लाख पाहून कित्येकांच्या कपाळाला आठी पडते. "सोन्यात लाख भरून फसवता!" अहो, ती भरण्याआधी एकदा वजन होते आणि भरल्यावर एकदा, लाखेचे पैसे सोन्याच्या भावाने कोणी देऊ नये आणि कोणी मागू नये. पण लाख नसेल तर पातळ पत्रा पहिल्याच धक्क्याला चेपेल. थोड्या सोन्यात भरघोस दागिना अंगावर यावा म्हणून आमच्या पूर्वजांनी काढलेली ती युक्ती आहे. मध्यमवर्गाच्या ऐपतीची एवढी काळजी दुसऱ्या कोणत्या कलेने घेतली असेल असे मला वाटत नाही.

आता मुद्द्यावर येतो. एवढ्या कामाची मजुरी ठरते कशावर? वजनावर. ग्रॅमला इतके रुपये, नाहीतर किमतीच्या इतके टक्के. यात कोणाला काही गैर वाटत नाही, कारण सोन्याशी संबंधित सारेच काट्यावर तोलायची आपल्याला सवय झाली आहे. पण साधा हिशोब करून पाहा. चार तोळ्यांच्या पाटल्यांची जोडी मी तीन दिवसांत उतरवतो. तोळा म्हणजे हल्लीचा दहा ग्रॅमचा धरा; जुना तोळा, शहाण्णव गुंजांचा, साडेअकरा ग्रॅमहून अधिक होता, तो आता बोलण्यापुरता उरला. मोत्यांची एक चांगली नथ करायची तर सोने लागते दोन ग्रॅम आणि दिवस लागतात दोन. सारख्या घेराची बारीक तार, मोत्यामोत्याला वळसा, नाकात अलगद बसेल पण सुटणार नाही असा फासा. आता लावा ग्रॅमचा दर. पाटल्यांच्या कामात दिवसाला तेरा ग्रॅमची मजुरी पडते, नथीच्या कामात एका ग्रॅमची. एकच माणूस, तेच हात, तीच ऐरण. पण नथ करीत बसला तर त्याच्या दिवसाची किंमत एक तेरांश. नाजूक कामाला दर थोडा चढा लावतात हे खरे आहे, परंतु तेरापट कोणी लावत नाही.

म्हणजे काम जितके नाजूक तितके ते हलके, आणि जितके हलके तितकी मजुरी कमी. कौशल्याला दंड करणारी याहून सरळ पद्धत शोधूनही सापडणार नाही. गवयाच्या बैठकीची बिदागी त्याच्या तंबोऱ्याच्या वजनावर ठरवली तर आपण हसू. पैठणीची किंमत रेशमाच्या किलोवर लावली तर येवल्याचा विणकर हातमाग बंद करील. सोनाराच्या बाबतीत मात्र तोच हिशोब आपल्याला शहाणपणाचा वाटतो!

त्यात भावाची गंमत वेगळीच. २०२५ साली दहा ग्रॅमचा भाव लाखाच्या पलीकडे गेला. टक्क्यांनी आकारलेली घडणावळ बिलात आपोआप फुगली आणि गिऱ्हाइकांची आठी अधिक खोल झाली. पण माझी मजुरी ग्रॅमवर, ती होती तिथेच. उलट भाव चढला म्हणून जो तो म्हणू लागला, "हेच डिझाईन, पण हलक्यात बसवा." हलक्यात बसवायचे म्हणजे पत्रा आणखी पातळ, तार आणखी बारीक, जोखीम दुप्पट. ग्रॅम कमी झाले म्हणून मजुरीही कमी! तुम्हाला बिलात घडणावळ वाढलेली दिसली त्याच वर्षी माझ्या हातात ती कमी आली. तेव्हा पुढल्या वेळी त्या रकमेवर चिडाल तेव्हा एवढे लक्षात असू द्या की, ती सगळी माडीवर चढत नाही.

याचा परिणाम काय होतो तो कोणाच्या पुस्तकातून नको, माझ्याच खोलीतून सांगतो. माझा मुलगा पुण्यात नोकरी करतो. तो या धंद्यात आला नाही, आणि मीही आग्रह धरला नाही. पण दोन वर्षांमागे चित्रकलेची पदविका घेतलेली एक मुलगी शिकायला आली. मुलींनी ऐरणीपुढे बसण्याची आमच्याकडे फारशी रीत नाही. शेजारच्यांनी भुवया उंचावल्या. मी तिला फुंकणी दिली. तिचा हात चांगला आहे. रवा बसवताना तिचा श्वास हलत नाही, आणि हे शिकवून येत नाही. परवा तिने मला सरळ विचारले, "काका, मी नथ शिकू की पाटली?" प्रश्न पोटाचा होता, त्यामुळे उत्तरही पोटाचेच द्यायला हवे होते. "पाटली शीक," असे सांगावे तर तिच्या हाताचा अपमान. "नथ शीक," म्हणावे तर तिच्या घरचे मला शिव्या देतील. हा प्रश्न मी वाचकांपुढे ठेवतो, कारण त्याचे उत्तर खरोखर तुमच्या हाती आहे. नथ टिकायची की नाही हे मी ठरवीत नाही. बिलातल्या मधल्या रकमेवर तुम्ही जी घासाघीस करता ती ठरवते.

यावर जी उत्तरे मला नेहमी ऐकायला मिळतात त्यांचाही समाचार घेतो.

पहिले उत्तर व्यवहारी गृहस्थांचे. सोने हे अडीअडचणीचे धन आहे. मोडायला गेले की सोन्याचे पैसे येतात, घडणावळीचे येत नाहीत. म्हणून घडणावळ म्हणजे शुद्ध नुकसान. यातले अर्धे मला मान्य आहे. बायकांच्या अंगावरच्या सोन्याने या महाराष्ट्रात किती मुलांच्या फिया भरल्या, किती शेते सावकाराकडून सोडवली, याचा हिशोब कोणी ठेवलेला नाही. अशा वेळी दागिना मोडावा लागला तर तो सार्थकी लागला असेच मी म्हणेन. पण ज्याला केवळ ठेव हवी त्याने वळे घ्यावे, नाणे घ्यावे. घडणावळ वाचेल आणि माझाही वेळ वाचेल. तुम्हाला हवा असतो दागिना. पैसे मात्र वळ्याचे द्यायचे असतात. शिंप्याची शिलाई परत येते काय? लग्नातल्या आचाऱ्याची मजुरी पंगत उठल्यावर परत मागता काय? घराला रंग दिला तो घर विकताना खरवडून घेता काय? जी वस्तू वीस वर्षे अंगावर मिरवली, जिने लेकीसुनांच्या डोळ्यांत भरावे असे तुम्हाला वाटले, तिचे ते मिरवणे कोणी घडवले? सोने तर पेटीतही तेवढेच होते.

मोडीची गोष्ट निघाली म्हणून सांगतो. मागल्या वर्षी एक बाई त्यांच्या आजेसासूबाईंचा साज घेऊन आल्या. अडचण काही नव्हती. मोबाइलवर एका ब्रेसलेटचे चित्र होते. साज मोडून ते करायचे होते. साज असा, की हल्लीच्या ठशांत ती धार राहिलेली नाही. कासवाच्या पाठीवर खवले होते, नागाच्या फणीवर आकडा होता. दोन पानड्या झिजल्या होत्या, एवढेच. मी म्हणालो, "ताई, दोन पानड्या बदलून देतो, पटवेकऱ्याकडून नवा गोफ घालून देतो, आणखी पन्नास वर्षे जाईल." त्यांनी विचारले, "पण मग ब्रेसलेट कशाचे होईल?" या प्रश्नाला उत्तर नाही. साज त्यांचा, हक्क त्यांचा. लाख तापवून काढली, तिचा तो जळका वास खोलीभर झाला, आणि एकवीस पानड्यांची एक गोळी झाली. त्या पानड्या घडवणाऱ्याला मी पाहिलेले नाही, पण त्याचा हात मला ओळखू येत होता. तो त्या दिवशी गेला.

एकट्या त्या बाईंना मी बोल लावीत नाही. खानापूर-आटपाडीकडचे आमचे गलाईवाले देशभर पसरले आहेत, आणि त्यांच्या मुशींत रोज अशा कित्येक गोळ्या होत असतात. जुने देऊळ पाडले तर गावात सभा भरते. जुनी पोथी रद्दीत गेली तर वर्तमानपत्रात पत्रे येतात. दागिना मोडला तर फक्त पावती येते.

दुसरे उत्तर अधिक झोंबरे आहे. "सोनारावर विश्वास कोणी ठेवायचा? तुमच्या संगतीपासून सावध राहा असे म्हणीच सांगतात!" खरे आहे. लबाडी झाली, होते, आणि कस उतरवून सोने खपवणारे आमच्यातच निघाले. म्हणूनच हॉलमार्क आला तेव्हा मला आनंद झाला. १६ जून २०२१ पासून तो टप्प्याटप्प्याने सक्तीचा झाला, आणि १ एप्रिल २०२३ पासून सहा अक्षरी एचयूआयडी क्रमांकावाचून हॉलमार्कचा दागिना विकता येत नाही. बावीस कॅरटवर ९१६ चा ठसा असतो. म्हणजे हजारात ९१६ भाग सोने. क्रमांक मोबाइलवर घाला, तो दागिना कोणत्या सराफाचा, कोणत्या केंद्रात तपासला, कस किती, सगळे कळते. एकच कळत नाही : घडवला कोणी. धातूला जन्माचा दाखला मिळाला, घडवणाऱ्याला नाही.

आणि विश्वासाचा प्रश्न काढलाच आहे तर दुसरी बाजूही ऐका. बरीच वर्षे दुकानांवर 'केडीएम' अशी पाटी झळकत असे आणि गिऱ्हाईक ती शुद्धतेची खूण समजून आत शिरत असे. केडीएम म्हणजे झाळणीत कॅडमियम. त्याने जोड चांगला बसे आणि दागिन्याचा कस उतरत नसे, हे खरे. पण तापवताना त्याचा जो धूर निघे तो विषारी. तो धूर दुकानातल्या गिऱ्हाइकाच्या नाकात गेला नाही. तो फुंकणी तोंडाला लावून ज्वाळेवर वाकलेल्या माणसाच्या छातीत गेला. पुढे कॅडमियम मागे पडले ते बरे झाले. परंतु तुमच्या शुद्ध सोन्याची किंमत कोणीतरी फुप्फुसांनी मोजली, याची नोंद कुठल्या पावतीवर नाही.

सरकारनेही आम्हाला धातूच समजले. चीनच्या युद्धानंतर, १९६३ च्या जानेवारीत, सुवर्णनियंत्रणाचा हुकूम निघाला. मोरारजी देसाई तेव्हा अर्थमंत्री होते. चौदा कॅरटहून चढ्या सोन्याचे नवे दागिने घडवायला बंदी. देशाला परकीय चलन हवे होते, सोन्याची चोरटी आयात थांबवायची होती. हेतू वाईट नव्हता. पण चौदा कॅरटचे सोने टणक, आमची कामे बावीस कॅरटच्या मऊपणावर बेतलेली, आणि गिऱ्हाईक चौदा कॅरट घेईना. हजारो ऐरणी थंड झाल्या. कित्येक सोनारांनी जीव दिले. चौदा कॅरटची अट १९६६ मध्ये उठली, १९६८ मध्ये नियंत्रणाचा कायदा झाला आणि १९९० मध्ये तोही रद्द झाला. या सत्तावीस वर्षांत सोने कुठेही गेले नाही, ते पेट्यांत सुखरूप राहिले. गेले ते हात. कोणी रिक्षा घेतली, कोणी गिरणीत लागला, आणि त्यांच्या मुलांनी जंतर पाहिलेच नाही. सोने पुरून ठेवता येते. हात पुरून ठेवता येत नाही, ही गोष्ट तेव्हा सरकारच्या ध्यानात आली नाही आणि आज आपल्या येत नाही.

तिसरे उत्तर यंत्राचे. "आता मशीनवर सगळे होते. कशाला हवा हाताचा अट्टहास?" यंत्राशी माझे वैर नाही. पत्रा लाटायचे यंत्र माझ्याकडेही आहे, आणि ते नव्हते तेव्हा माझ्या वडिलांचे खांदे कसे दुखत हे मी पाहिले आहे. रबरी साच्यात मेण भरून, त्या मेणाच्या अंगठ्यांचे झाड रचून, भोवती प्लास्टर ओतून, मेण वितळवून त्या पोकळीत सोने घालतात. एका वेळी कितीतरी अंगठ्या निघतात, एकीसारखी दुसरी. स्वस्त पडतात, सुबक असतात. ज्याला त्या हव्यात त्याने सुखाने घ्याव्यात. माझी तक्रार एवढीच आहे की, साच्यातून काढलेल्या वस्तूला काळसर पुटे देऊन, तिला 'पारंपरिक' आणि 'हस्तनिर्मित' म्हणून विकू नये. हाताचे नाव साच्याला आणि हाताच्या मजुरीवर मात्र घासाघीस, हा दुहेरी न्याय झाला. खरे बोलून विका; मग गिऱ्हाईक काय ते ठरवील.

नावाचा हा प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटतो. राजा रविवर्म्याने १८९४ मध्ये मुंबईला छापखाना काढला आणि त्याच्या लक्ष्मी-सरस्वती घरोघर पोचल्या. त्या चित्रांतले दागिने पाहत आपल्या तीन पिढ्या वाढल्या. दागिने रंगवणाऱ्याचे नाव शाळेतल्या पोरालाही ठाऊक आहे. खरे दागिने घडवणाऱ्यांपैकी एकाचे तरी नाव तुम्हाला सांगता येईल काय? आमच्यातले एकच नाव सर्वांना ठाऊक आहे, नरहरी सोनार, आणि तेही संत झाले म्हणून! त्यांची आख्यायिका सगळ्यांनी ऐकली आहे. विठ्ठलासाठी करगोटा घडवला, तो एकदा तोकडा झाला, एकदा सैल झाला; शेवटी डोळ्यांना पट्टी बांधून स्वतः माप घ्यायला गेले आणि हाताला शंकर लागला. कीर्तनकार तीत हरिहरांचे ऐक्य सांगतात, ते योग्यच आहे. पण आम्ही कारागीर तीत आणखी एक गोष्ट ऐकतो. दुसऱ्याने आणून दिलेल्या मापावर दागिना बसत नाही. अंगावर हात ठेवून माप घेतले तरच बसतो. एवढे साच्याला जमत नाही.

मुंबईच्या झवेरी बाजारात आणि पुण्याच्या रविवार पेठेत आज माडीवर बसलेल्या कारागिरांत बंगालची पोरे पुष्कळ आहेत. दहा बाय दहाच्या खोलीत काम करायचे, तिथेच जेवायचे, तिथेच निजायचे. २०२० च्या टाळेबंदीत ती गावी गेली तेव्हा पेढ्यांच्या पाट्या जागेवर होत्या, काटे जागेवर होते, सोनेही तिजोरीत होते. दागिना घडत नव्हता. महाराष्ट्राची म्हणून जी मोहनमाळ तुम्ही पाडव्याला घेता ती कदाचित मेदिनीपूरच्या एखाद्या मुलाने घडवलेली असेल. ती त्याने सुंदर घडवली असेल तर ती महाराष्ट्राचीच आहे. पण त्याचे नाव तरी विचारा! आमच्या खोल्यांतला केरसुद्धा फुकट जात नाही. झारेकरी तो विकत नेतो आणि धुऊन त्यातले सोने काढतो. धुळीतल्या सोन्याचीही एवढी कदर आहे. ज्या हातांतून ती धूळ पडली त्यांची काय कदर आहे ते ज्याचे त्याने ठरवावे.

कोणी म्हणेल, तक्रार झाली, आता करायचे काय? फार काही नाही. कायदे नकोत, अनुदान नको, हारतुरेही नकोत. यंदाच्या दिवाळीत दुकानात शिराल तेव्हा तीन गोष्टी करा. एक, विचारा : "हे हाताचे की साच्याचे?" हा प्रश्न दहा गिऱ्हाइकांनी विचारला की अकराव्याला खरे उत्तर मिळू लागेल. दोन, हाताचे असेल तर म्हणा : "घडणावळ ग्रॅमवर नको, कामावर लावा. किती दिवसांचे काम आहे ते सांगा, आणि करणाऱ्याचे नाव बिलावर लिहा." दिवसाच्या हिशोबाने तुम्हाला ती कित्येकदा महागही पडणार नाही, पाटल्यांची उतरेल, नथीची चढेल, आणि नथीची चढायलाच हवी. घडवणाऱ्याची मोहरीएवढी मोहोर दागिन्याच्या पाठीवर उमटवायला अडचण काहीच नाही. जागा आमच्याजवळ आहे, फक्त मागणारे कोणी नाही. आणि तीन, जुना दागिना मोडीत घालण्याआधी एकदा एखाद्या कारागिराला दाखवा. दुरुस्त होणारी वस्तू दुरुस्त करून घेण्यात गरिबी नाही.

माझ्याकडे शिकणाऱ्या त्या मुलीला मी अजून उत्तर दिलेले नाही. पाडव्यापर्यंत थांब, असे सांगितले आहे. पाडव्याला ओवाळणीत दागिना घालायचा तुमचा बेत असेलच. तो घालताना बिलातल्या मधल्या रकमेवर तुम्ही काय बोलता, त्यावर तिने काय शिकायचे ते ठरणार आहे.